अल्झायमर म्हणजे मेंदूतली ‘घाण’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत अल्झायमरवर नुकताच लेख आला, त्यात एक वाक्य होते : ‘मेंदूत घाण साचत जाते आणि माणूस हळूहळू सगळे विसरतो.’ हे पत्र त्या वाक्यातल्या एका शब्दाबद्दल आहे. पत्र लांबले आहे, पण विषय तुकड्यांत सांगण्यासारखा नाही. जागा अपुरी असेल तर कापण्यापेक्षा पुढच्या आठवड्यासाठी ठेवावे, ही विनंती.

माझी थोरली बहीण ७४ वर्षांची आहे. तिने ३८ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. राहिलेला अनुस्वार, चुकलेला ऱ्हस्वदीर्घ, दोनदा पडलेली ओळ, हे सारे तिला पान हातात घेताच दिसायचे. दोन वर्षांपूर्वी एका पुस्तकाच्या तिसऱ्या मुद्रितात तिने दुसऱ्या मुद्रितातल्या स्वतःच्याच बरोबर दुरुस्त्या उलट फिरवल्या. ‘पूर्ण’चे ‘पुर्ण’ केले, एकाच पानावर चार ठिकाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे तिलाच ते दिसले. दोन्ही मुद्रिते शेजारी ठेवून ती दुपारपर्यंत तशीच बसून होती. चौदा महिन्यांपूर्वी निदान झाले : अल्झायमर, सुरुवातीचा टप्पा. काम थांबले, पण वर्तमानपत्र ती अजूनही पेन्सिल घेऊनच वाचते.

त्या दिवशी ताईने ‘घाण’ या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात प्रश्नचिन्ह घातले. तिच्या कामात अशा प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘लेखकाला विचारा’ असा असतो. संध्याकाळी तिने मला विचारले, “अगं, माझ्या डोक्यात घाण साचलीय का? माझ्याकडून काय राहिलं?”

मी ३२ वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले. स्निग्ध पदार्थ आणि पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, हे माझे आवडते प्रकरण. ते मी कधी दुसऱ्या कुणाला शिकवू दिले नाही. तरीही तिच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसले आणि तिला जे सांगितले तेच आता तुम्हाला लिहिते आहे.

लेखकाने ज्याला घाण म्हटले ते बीटा-अमायलॉइड. तो एका प्रथिनाचा तुकडा आहे आणि तो बाहेरून येत नाही. चेतापेशीच्या पटलात आरपार रोवलेले एक लांब प्रथिन असते. विकरे (एन्झाइम) ते ठराविक ठिकाणी कापतात आणि हा तुकडा सुटतो. तुमच्या मेंदूत तो आज तयार झाला आहे, माझ्याही. धडधाकट तरुणाच्या मेंदूत तो रोज तयार होतो आणि रोज हलवलाही जातो. कापणी कुठे होते त्यावर बरेच अवलंबून असते : ४० अमिनो आम्लांचा तुकडा त्या मानाने निरुपद्रवी, ४२ चा अधिक चिकट, एकमेकांना धरून बसणारा. आणि ही शेवटची कापणी पटलाच्या आत, म्हणजे अक्षरशः तेलात होते. पाण्याचा रेणू वापरून बंध तोडायचा आणि तोही तेलाच्या थरात बसून! वर्गात इथे आले की मी पाच मिनिटे पुढे सरकत नसे. तेल कोणते, थर किती जाड, त्यात कोलेस्टेरॉल किती, यानुसार कापणीची जागा सरकते. म्हणजे ज्या तुकड्याला आपण दोष देतो त्याचा जन्म ज्या पटलात होतो, त्या पटलाची घडणच आधी पाहायला हवी.

पेशीपटलाची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. १९२५ साली गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. त्यावरून कळले की पटल दुहेरी आहे. ताईला मी दोन छापील ताव पाठीला पाठ लावून दाखवले : छापलेली बाजू पाण्याकडे, कोरी बाजू आत. ते तिला लगेच पटले. मेंदूतले पाणी वजा केले तर उरलेल्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग अशा स्निग्ध पदार्थांचाच असतो. चरबीच्या ऊती सोडल्या तर शरीरात इतका मेद दुसरीकडे कुठे नाही. आपले विचार, आठवणी, तिचे ऱ्हस्वदीर्घ, सारे या पातळ तेलकट पडद्यावरून धावणाऱ्या विद्युतसंकेतांवर चालते.

आता त्या पडद्याचे काय होते ते सांगते. ऊतीतून मेद वेगळा काढायची एक पद्धत १९५७ पासून प्रयोगशाळांत वापरली जाते, फोल्चची : दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल. विद्यार्थ्यांकडून मी ती दरवर्षी करून घेत असे. काढलेला मेद काचेच्या पट्टीवरच्या पातळ थरावर चढवायचा आणि पट्टी आयोडीनच्या वाफेत धरायची. एकेक पिवळसर तपकिरी ठिपका उमटू लागतो. एक ठिपका फॉस्फॅटिडिलकोलीनचा, एक फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइनचा, वर कोलेस्टेरॉल. पटलाच्या मुख्य विटा याच. १९९२ साली निट्श, वुर्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत या दोन विटा कमी असल्याचे आणि त्या फुटून होणारा चुरा मात्र वाढलेला असल्याचे दाखवले. वीट कमी आणि चुरा जास्त, म्हणजे भिंत नुसती नव्याने बांधायची राहिलेली नाही, ती मोडतेही आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पेशी मेल्या की त्यांचे पटल जाणारच. मग हे कारण कसे, हा परिणाम का नसावा? माझ्या मनातही हीच शंका होती. ती मला वाटते तशी विचारली आणि तपासली गेली ती सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. शियानलिन हान आणि सहकाऱ्यांनी मरणोत्तर मेंदूदान केलेल्यांच्या ऊती घेतल्या. त्यांतल्या काही जणांचा जिवंतपणी तपासलेला स्मृतिभ्रंश ‘अतिसौम्य’ होता. तिथे वापरतात त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे निरोगी, तीन म्हणजे गंभीर, आणि हे लोक ०.५ वर होते. नातेवाइकांना नुकती शंका येऊ लागते तो हा टप्पा. ताईने ‘पूर्ण’चे ‘पुर्ण’ केले तेव्हा तीही बहुधा तिथेच असावी.

त्या ऊतींत सापडले ते असे. २००१ च्या शोधनिबंधात : प्लाझ्मॅलोजेन नावाच्या फॉस्फोलिपिडांची, म्हणजे फॉस्फरसयुक्त मेदांची, पातळी या अतिसौम्य टप्प्यातच उतरलेली, मेंदूच्या पांढऱ्या, म्हणजे चेतातंतूंच्या, भागात ४० टक्क्यांपर्यंत. २००२ मध्ये : सल्फॅटाइड, म्हणजे चेतातंतूंच्या आवरणातला एक गंधकयुक्त मेद, करड्या, म्हणजे चेतापेशींच्या, भागात ९३ टक्क्यांपर्यंत आणि पांढऱ्या भागात ५८ टक्क्यांपर्यंत घटलेला. त्याच वेळी सेरामाइड हा आणखी एक मेद तिपटीहून अधिक वाढलेला. बाकीचे मुख्य मेद मात्र जवळजवळ जागच्या जागी होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे शेवटचे. पेशी सरसकट मरून हे घडले असते तर सगळेच मेद सारखे घटले असते. इथे काही ठराविकच गेले आणि एक वाढला. वाढलेले सेरामाइड पेशीला स्वतःला संपवण्याचा इशारा देणाऱ्या रेणूंपैकी आहे.

प्लाझ्मॅलोजेन घटण्याचा अर्थ काय? त्याच्या रेणूत एक नाजूक बंध असतो आणि ऑक्सिजनचा मारा तो आधी आपल्यावर घेतो. तेल उघडे राहिले की खवट होते, ती क्रिया मेंदूतही चालू असते. कारण शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के वापरतो आणि त्याच्या पटलातली डीएचएसारखी मेदाम्ले, सहा-सहा दुहेरी बंधांची, खवट व्हायला अगदी तयार. प्लाझ्मॅलोजेन त्यांच्यापुढे उभे राहते, असे मानले जाते. ते कमी झाले की मागच्यांवर घाव बसतो. या खवटपणाचे अवशेष सौम्य स्मृतिदोषाच्या टप्प्यातल्या मेंदूंतही सापडले आहेत.

फॉस्फॅटिडिलकोलीनमधला एक घटक म्हणजे कोलीन, त्याबद्दल इथेच सांगायला हवे, कारण ताई रोज सकाळी जी गोळी घेते तिचा संबंध त्याच्याशी आहे. अॅसिटिलकोलीन हे स्मृतीसाठी लागणारे रासायनिक निरोप्याचे काम करते. ते बनवणारे विकर अल्झायमरमध्ये फार घटते हे १९७६ पासून माहीत आहे, आणि गोळी काय करते तर उरलेले अॅसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही. पण ज्या पेशी हा निरोप्या तयार करतात त्यांना कोलीन दोन कामांना लागते : निरोप्यासाठी आणि पटलासाठी. कोलीन कमी पडले तर पेशी आपल्याच पटलातले फॉस्फॅटिडिलकोलीन मोडून ते मिळवते, अशी मांडणी वुर्टमन यांच्या गटाने केली. निरोप पोचावा म्हणून स्वतःची भिंत काढून देणारी पेशी. ही मांडणी सर्वांनी मान्य केलेली नाही, पण ती वाचल्यापासून ‘घाण’ हा शब्द मला सहन होत नाही.

यात नवे फार नाही, हेही नमूद करायला हवे. अलॉइस अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनला आपल्या रुग्ण स्त्रीची हकीकत मांडली. वयाच्या ५१ व्या वर्षी ती फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली होती आणि १९०६ च्याच एप्रिलमध्ये वारली होती. १९०७ साली छापलेल्या टिपणात तीन गोष्टी आहेत. पेशींतले गुंतलेले तंतू आणि पेशींबाहेरचे थर या दोन जगाने उचलल्या. तिसरी, चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींत मेद साचलेला दिसतो ही, जवळजवळ शतकभर बाजूला पडून राहिली. १९९३ साली उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठातून एपीओई-४ या जनुकरूपाचा संबंध पुढे आला. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या सर्वसाधारण जनुकरूपांत याच्याइतके प्रबळ दुसरे नाही. आणि हे जनुक ज्या प्रथिनाचे आहे त्याचे काम काय, तर मेंदूत कोलेस्टेरॉल आणि इतर मेद एका पेशीकडून दुसरीकडे पोचवणे. ३ आणि ४ या रूपांत फरक फक्त एका अमिनो आम्लाचा, ११२ व्या जागेवर. २०२२ मध्ये एमआयटीच्या गटाने दाखवले की एपीओई-४ असेल तर चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींत कोलेस्टेरॉल भलत्या जागी साचते आणि आवरण विरळ होते. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अशा लोकांच्या मेंदूतल्या संरक्षक पेशींत मेदाचे थेंब भरलेले दाखवले. १९०७ च्या टिपणातली तिसरी गोष्ट पुन्हा समोर आली.

मी अमायलॉइडला निर्दोष ठरवत नाही. ते हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाची चाचणी १,७९५ जणांवर झाली आणि १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी कमी राहिली. परिणाम लहान असला तरी तो आहे, आणि अमायलॉइडचा आजारात हात आहे हे त्यातून दिसते. माझे म्हणणे इतकेच की थर ही गोष्टीतली मधली पाने आहेत. पहिल्या पानावर पटलाचेही नाव यायला हवे.

लेखाशेजारी एक चौकट होती. तिच्याबद्दल मला अधिक कडक लिहावे लागेल. मेंदूत मेद असतो, तो घटतो, म्हणून अमुक कॅप्सूल वेळीच सुरू करा, असा तिचा सूर होता. मेंदूतल्या मेदाविषयी थोडेसे कळले की नेमके हेच होते, म्हणून सांगते. रक्तातले कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले स्वतः बनवतो. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा तिथे असूनही त्याचा कारभार वेगळा आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिली, घसरण थांबली नाही. डीएचए देऊन पाहिले : ४०२ रुग्ण, दीड वर्ष, रोज दोन ग्रॅम. २०१० साली निष्कर्ष छापला गेला. डीएचए घेणाऱ्यांत आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत फरक नव्हता. भिंतीतून वीट निखळते आहे म्हणून दारात विटांचा ढीग ओतून भिंत उभी राहत नाही. ती का निखळते आणि गवंडी कुठे आहे हे आधी कळावे लागते.

रक्तातले दहा मेद मोजून दोन-तीन वर्षे आधी आजार ओळखता येतो, ९० टक्के अचूकतेने, अशी बातमी २०१४ साली जगभर गाजली. माझ्या विद्यार्थ्यांनी कात्रणे आणून दिली होती आणि मीही फळ्यावर ते दहा मेद उत्साहाने लिहिले होते. २०१६ साली दुसऱ्या गटाने वेगळ्या, मोठ्या समूहांत तीच तपासणी केली, तेव्हा ती अचूकता मिळाली नाही. ती बातमी मला कुठल्याही वर्तमानपत्रात दिसली नाही. मी ती तज्ज्ञांच्या नियतकालिकात वाचली आणि पुढच्या वर्गाला सांगितली, पण आधीच्या वर्गातली मुले तोवर पांगली होती. तेव्हापासून मेदाबद्दलची कोणतीही बातमी वाचताना मी तीन प्रश्न विचारते : माणसे किती होती, आजाराचा टप्पा कोणता होता, आणि पाहिला तो मेंदू होता की रक्त. आपल्या वार्ताहरांनीही हे तीन प्रश्न विचारून बातमी लिहावी. हानच्या कामाबद्दलही ते विचारावेत. तिथे ऊती मृत्यूनंतरच्या होत्या, माणसे मोजकी होती, आणि मृत्यूनंतर काही तासांत मेद बदलू लागतात ही अडचण या सगळ्याच अभ्यासांना आहे. तरीही मला त्या कामाचे मोल वाटते, कारण आजार नुकता दार ठोठावत असतानाची ती नोंद आहे. ज्यांनी आपला मेंदू दिला त्यांच्यामुळे ती मिळाली.

चौकटीतले शेवटचे वाक्य मी इथे उद्धृत करत नाही. त्याचा आशय असा की वेळीच काळजी घेतली असती तर ही वेळ आली नसती. असे वाक्य छापून येते तेव्हा ते आजारी माणूसही वाचतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नसावे. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस वाचू शकतो, समजू शकतो, आणि रात्रभर त्यावर विचारही करू शकतो. “माझ्याकडून काय राहिलं?” हा प्रश्न तिथूनच आला. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, व्यायामाचा अभाव यांचा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी संबंध आहे आणि त्याबद्दल जरूर लिहावे. पण समाजातल्या धोक्याचे प्रमाण वेगळे आणि एका माणसाच्या आजाराचे कारण वेगळे. ताईला एपीओईचे कोणते रूप मिळाले ते तिच्या हातात नव्हते. तिच्या पटलातले सल्फॅटाइड कधी उतरू लागले ते कुणालाच दिसले नसते, तिला तर नाहीच.

हे सगळे सांगून झाल्यावर ती बराच वेळ त्या दोन तावांकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे आत घाण नाही. कागदच झिजतोय.” इतक्या कमी शब्दांत हे मला ३२ वर्षांत सांगता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते बोलणे तिच्या लक्षात नव्हते, म्हणून पुन्हा सांगितले, तिसऱ्या दिवशीही. वाक्य तिने दर वेळी थोडे निराळे केले, पण समासातले ते प्रश्नचिन्ह तिने अजून खोडलेले नाही.

माझी मागणी छोटी आहे. त्या लेखासाठी एक दुरुस्ती छापावी. ‘मेंदूत घाण साचते’ याऐवजी ‘मेंदूतील चेतापेशींच्या पटलाची रासायनिक घडण बदलते, तसेच काही प्रथिनांचे थर साचतात’ असे वाचावे. वाक्य लांब आहे, पण बरोबर आहे. चौकटीतला कॅप्सूलविषयीचा मजकूर मागे घ्यावा. आणि दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात न टाकता आपल्या नेहमीच्या शुद्धिपत्राच्या चौकटीत द्यावी. पेपर हातात आला की ताई सगळ्यात आधी तीच चौकट उघडते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका